यंदा स्टार लावू की नको?

पत्र मोठं आहे, कामापुरतं देते.

"मावशी, ख्रिस्तात सलाम. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावात राहतो, गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आजेसासऱ्यांपासून इथंच आहोत, चार एकर वावर आहे. आजवर कोणी काही बोललं नाही. मागच्या २३ डिसेंबरला रात्री पाच-सहा पोरं गाड्यांवर आली, अर्धी बाहेरगावची, म्हणे इथं धर्मांतराचे कार्यक्रम चालणार नाहीत. कार्यक्रम कुठला, घरची सहा माणसं अन बाजूच्या गावचं एक कुटुंब. मिस्टरांनी त्याच रात्री दारावरचा नाताळचा स्टार उतरवला. तेव्हापासून बायबल मी गव्हाच्या कोठीत ठेवते, कडुलिंबाच्या पाल्याखाली. लेक चौथीत आहे, तिला सांगितलं शाळेत काही बोलू नको. सप्ताहाची वर्गणी द्यायची का, काल्याचा प्रसाद खाल्ला तर येशूला नाकारलं असं होते का, काही समजत नाही. पास्टर म्हणाले भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे. मिस्टर म्हणतात चूप राहा, दिसलं नाही तर कोणी दगड मारत नाही. आता परत डिसेंबर येतो. यंदा स्टार लावू की नको?"

पोरी, तुलाही सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं अन तिन्ही वेळा त्या कडुलिंबाच्या पाल्यापाशी थांबले. गव्हाला कीड लागू नये म्हणून आपण पाला घालतो आणि तू त्याच्याखाली बायबल ठेवलंस, म्हणजे ते टाकून द्यायचं तुझ्या मनात नव्हतं, ते सांभाळायचंच होतं. हे आधी लक्षात घे, कारण तुझ्या पत्रात तू स्वतःला फार बोल लावला आहेस.

पास्टरांची गोष्ट आधी उरकते. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही, चार-पाच गावं मोटरसायकलवर करणारा माणूस, तोही थकतो, घाईत काहीतरी बोलून जातो. पण भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, हे वाक्य मनातून काढून टाक, कारण शास्त्रात ते बसत नाही. प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र काढ, दुसरा अध्याय, तिथं तो स्वतः लिहितो की तुमच्याकडे आलो तेव्हा मी दुर्बळ होतो, भ्यालेलो होतो, कापत होतो. पौल! आणि गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः किती व्याकूळ झाला, घाम कसा गळत होता, ते आपण दरवर्षी दुःखसप्ताहात वाचतो अन परत घरी येऊन एकमेकांना म्हणतो घाबरायचं नसते, हे मला कधीच पटलं नाही.

एलीया संदेष्ट्याचं तर मला फारच जवळचं वाटते. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला माणूस, राणीचा एक निरोप आला आणि पळाला, रानात एका झुडपाखाली पडला, म्हणाला देवा आता मला मरण दे. तेव्हा देवदूत येऊन काय म्हणाला? विश्वास कमी पडला असं नाही म्हणाला. उठ, जेव, म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती अन पाण्याचा तांब्या. एलीयानं खाल्लं, परत झोपला, देवदूतानं परत उठवलं, परत जेवायला लावलं. मी आयुष्यभर नर्सचं काम केलं, घाबरलेल्या माणसाला आधी पाणी पाजायचं, बसवायचं, मग बोलायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि ते या गोष्टीत आधीच लिहून ठेवलेलं आहे. पुढे एलीया म्हणतो मी एकटाच उरलो, तेव्हा देव सांगतो एकटा नाहीस, सात हजार आहेत. तुलाही तसंच वाटत असेल. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात आपण एक टक्काही भरलो नाही, त्यातले कितीतरी मुंबई-वसईकडचे, मग आपल्या इकडं एका गावात एक घर, दहा गावं सोडून दुसरं, असंच असणार. एकटं वाटणं साहजिक आहे, त्याचं पाप मानू नको.

आता माझी एक गोष्ट सांगते, आजवर या सदरात लिहिली नाही.

१९८६ साली मला एका तालुक्याच्या गावी नोकरी लागली, वय बावीस. खोली मिळेना. आमचं आडनाव असं की त्यावरून कोणाला काही कळत नाही. एका विधवा काकूंच्या घरामागं कौलारू खोली होती, त्यांनी विचारलं, तुमच्यात देवधर्म काय, आणि मी म्हणाले, आमच्याकडे सगळंच करतात काकू. एवढंच. त्या एका वाक्यावर खोली मिळाली आणि पुढं सात महिने मी त्या वाक्याला ठिगळं लावत बसले. कापड दुकानाचं लक्ष्मीचं कॅलेंडर भिंतीवर टांगलं. रविवारी एसटीनं २२ किलोमीटर चर्चला जायची अन काकूंना सांगायची की ड्युटी आहे. नाताळला गेले तेव्हा मामेबहिणीचं लग्न आहे सांगितलं, आणि परत येताना आईनं दिलेल्या करंज्या लग्नाच्या म्हणून काकूंना दिल्या. त्या करंज्या त्यांनी खाल्ल्या, म्हणाल्या सारण छान झालं, आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

वैशाखात आम्ही दोघी अंगणात खाटेवर धोतर पसरून मुगवड्या घालत होतो. हात डाळीत, डोक्यावर पदर, ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून घाई. काय झालं मला माहीत नाही, मी एकदम म्हणाले, काकू मी ख्रिस्ती आहे. त्यांनी हातातली वडी घातली, पुढची घातली, अन मग म्हणाल्या, "मले मालूम हाय न बाई. तू रोज जेवाच्या आंधी डोये मिटते." मग थोडं थांबून, "खोली देली असती का नसती देली थे पुढची गोष्ट. पन माह्या घरात राहून सात महिने लबाड बोलली तू."

असं वाटेल की मग त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे. तसं नाही झालं. त्यांच्या दिरानं ऐकलं आणि महिना संपता संपता मला खोली सोडावी लागली. दुसरी मिळाली ती गोठ्याला लागून, पत्र्याची, मे महिन्यात. पण त्या पत्र्याखाली पहिल्या रात्री मला जशी झोप लागली तशी त्या सात महिन्यांत एकदाही लागली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. आणि काकूंचं ते बोलणं मला आजही टोचते, कारण त्यांना माझ्या देवाचा राग नव्हता आला, मी त्यांना लबाडी खाऊ घातली त्याचा आला होता.

हे सांगायचं कारण, चूप राहणं आणि लपणं यात फरक आहे आणि तुझ्या घरात तो फरक सध्या पुसट झालाय. कोणी विचारलं नाही तर आपला धर्म दारोदार सांगत फिरायची गरज नाही, ते चूप राहणं, त्यात काही वावगं नाही. पण जे आधी उघड होतं ते झाकायचं, लेकराला शिकवायचं की आपण कोण ते बोलू नको, हे लपणं, आणि ते माणसाला आतून कुरतडते. पोरांनी एका रात्री येऊन दम दिला तो पाच मिनिटांचा होता, पण बायबल कोठीत गेल्याला वर्ष होत आलं.

दानीएलाची गोष्ट तुला पाठ असेल, सिंहांची गुहा लहान लेकरांनाही माहीत असते. मी तुला सहाव्या अध्यायातलं दहावं वचन नीट वाचायला सांगते, सिंह येण्याच्या आधीचं. राजाचा हुकूम निघाला की तीस दिवस राजाशिवाय कोणाकडं काही मागायचं नाही. दानीएलाला ते कळलं, तो घरी गेला, वरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमच्या बाजूला उघड्या होत्या, आणि त्यानं दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना केली, पूर्वी करत होता तशीच. हे 'पूर्वी करत होता तशीच' फार मोठं आहे बाळा. त्यानं हुकूम निघाला म्हणून खिडकी लावून घेतली नाही. आणि हुकूम निघाला म्हणून चौकात जाऊन मोठ्यानं प्रार्थना पण केली नाही, नवीन खिडकी पाडली नाही. रोजचं होतं तेवढं रोजच्यासारखं केलं. हिंमत म्हटलं की आपल्याला छाती ठोकणं आठवते, घोषणा आठवतात, मला मात्र त्या रोजच्या खिडकीत जास्त हिंमत दिसते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, स्टार लाव. तुझ्या सासऱ्यांच्या काळापासून जिथं लागत होता तिथंच आणि जेवढा होता तेवढाच. त्यांना दाखवायचं म्हणून दुप्पट मोठा नको, रोषणाई नको, बॅनर नको, दारापुढं स्पीकर तर नकोच नको.

पण आधी मिस्टरांशी बोल, आणि बोलताना एक सांभाळ, त्यांना भित्रा ठरवू नको. रात्री दारात गाड्या उभ्या, घरात म्हातारी आई, लहान पोर, अशा वेळी ज्यानं स्टार उतरवला त्यानं कुटुंब सांभाळलं. योसेफानं तरी काय केलं, हेरोद राजाची माणसं यायच्या आधी रातोरात बाळ आणि मरियेला घेऊन मिसरला निघून गेला. पळून गेला आणि देवाच्या सांगण्यावरून गेला. त्या रात्री उतरवला ते बरोबरच होतं, प्रश्न आता पुढचा आहे, वर्षभर उतरलेलाच ठेवायचा का. आणि ते दोघांनी मिळून ठरवायचं, तू एकटीनं शिडी लावून टांगला आणि ते घरी येऊन पाहून हादरले असं करू नको. ते नाही म्हणाले तर यंदा घरात, ओसरीच्या आत लाव. दिवा दिसला पाहिजे, किती दुरून ते महत्त्वाचं नाही.

वर्गणीचं. हा प्रश्न मला दरवर्षी किमान दहा पत्रांत येतो. माझं मत सांगते, सगळ्या मंडळ्यांचं असंच आहे असं नाही. पूजेसाठी, मूर्तीसाठी पैसे देऊ नये असं मला वाटते, कारण मग आपण मनात एक आणि हातात एक असे होतो. पण वर्गणीवाले दारात यायची वाट पाहत बसून मग तोंड चुकवायचं हे त्याहून वाईट. तुम्ही आधी जा. सप्ताहाची बैठक असते तेव्हाच मिस्टरांनी जावं, म्हणावं भाऊ, पूजेचं आमच्यात बसत नाही, राग मानू नका, पण पंगतीच्या पाण्याची सोय आमच्याकडं लागली, आमच्या बोअरचं पाणी न्या, आणि वाढायला मी येतो. आणि खरंच जावं बरं, शेवटच्या पंगतीपर्यंत थांबावं, पत्रावळी उचलायला हात लावावा. आपण अमरावतीकडच्या गाडगेबाबांच्या मुलखातले लोक, हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या माणसाला इथं कोणी धर्म विचारला नाही. गावाला तुमचे दोनशे-पाचशे रुपये नको असतात, हे घर आपल्यात आहे का एवढंच पाहायचं असते.

प्रसादाचं मात्र थोडं सावकाश घे, तिथं तुझा जीव जास्त अडकलेला दिसतो. नामान नावाचा अरामी सेनापती होता, कोड बरा झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाकडं वळला, दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती पण मागून घेतली बिचाऱ्यानं. पण निघताना त्यानं अलीशा संदेष्ट्याला खरंखरं सांगितलं, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही वाकावं लागते, तेवढं देवानं मला माफ करावं. अलीशानं काय उत्तर दिलं असेल? भाषण दिलं? शांतीनं जा, एवढंच म्हणाला. मी ही गोष्ट वाचते तेव्हा मला आपल्या सगळ्या गावातली एकेकटी घरं आठवतात. आणि पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, हाच प्रश्न सोडवायला घेतलाय, कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा म्हणतो, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीपुढं ठेवलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका म्हणतो.

आता माझ्याच घरातलं सांगते, शेजारणीनं महालक्ष्म्यांचं जेवण पाठवलं की मी घेते, देवाचे आभार मानते आणि अन्न म्हणून जेवते. माझी धाकटी बहीण घेत नाही, ती हात जोडून म्हणते, ताई मला चालत नाही, पण तुमच्या हातची आंबील पूजेच्या आधी काढून ठेवाल तर पिईन. शेजारीण खरंच वेगळी काढून ठेवते. आम्ही दोघी बहिणी एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो. तुझ्या मनाला जे टोचेल ते करू नको, आणि जे मागच्या वर्षी खाल्लं त्याचं ओझं आजपासून उतरव, शिष्य असून पेत्रानं तीनदा नाकारलं त्यालाही प्रभूनं सकाळी निखाऱ्यावर मासे भाजून जेवायला बोलावलं होतं.

लेकीचं मात्र उद्यापासून बदल. बाकी सगळ्याला डिसेंबरपर्यंत वेळ आहे, याला नाही. चौथीतल्या पोरीला 'बोलू नको' सांगितलं की तिला समजते की आपल्या घरात काहीतरी लाज वाटण्यासारखं आहे, आणि ते तिच्या मनात रुतून बसते. तिला दोन वाक्यं शिकव. कोणी म्हटलं की तुमचा देव इंग्रजांचा, तर म्हणायचं, येशू बेथलेहेममध्ये जन्मला, ते आशियात आहे, आणि माझे पणजोबा ह्याच गावचे. बस. भांडायचं नाही, दुसऱ्याच्या देवाला नाव ठेवायचं नाही, कधीच नाही. अन तू एकदा शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना भेट, तक्रार घेऊन जाऊ नको, ओळख द्यायला जा, आमच्या घरी हे असं आहे, पोरीला कोणी चिडवलं तर लक्ष ठेवा. जिल्हा परिषदेची शाळा सरकारी पैशावर चालते, राज्यघटनेच्या २८ व्या कलमानं तिथं कोणत्याही धर्माचं शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लेकराला कोणत्याही उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. हे भांडायला वापरू नको, तुला माहीत असावं म्हणून सांगितलं, माहीत असलं की आवाज आपोआप शांत राहतो.

तसंच घरातल्या प्रार्थनेचं. २५ व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि सांगायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की धर्म सांगायचा हक्क आहे म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क आहे असं नाही. म्हणून आपल्या बाजूनं स्वच्छ राहा. नाताळला शेजारची लेकरं लाडू-चकलीला येतील तर लाडू-चकलीच द्या, त्यांना बसवून गोष्टी सांगत बसू नका, सांगायचं असलं तर आईबापांना विचारून. कोणाला काही द्यायचं कबूल करून प्रार्थनेला बोलावू नका. आणि कोणाच्याही औषधाच्या गोळ्या प्रार्थनेच्या नावानं बंद करायला लावू नका. यावर मी जरा चिडून बोलते, कारण एका बाईला कोणीतरी प्रार्थना करणाऱ्यानं शुगरच्या गोळ्या सोडायला सांगितलं होतं आणि तिचा पाय कापताना मी ड्युटीवर होते. प्रार्थना करा, खूप करा, आणि सोबत दवाखान्यात घेऊन जा. आपल्यावर संशय घेणाऱ्यांना असल्या माणसांनी आयतं कोलीत दिलंय, ते आपण मान्य केलं पाहिजे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलीस पाटलांना आणि सरपंचांना भेटा, तोंडी नको, एका कागदावर लिहून द्या, २५ तारखेला घरी कुटुंबाची प्रार्थना आहे, इतकी माणसं, स्पीकर नाही. दोन प्रती करा, एकीवर सही आणि तारीख घेऊन घरी ठेवा. परत गाड्या आल्याच तर दारात वाद घालायचा नाही, हात उचलायचा नाही, शिवीला शिवी नाही, दार लावून ११२ ला फोन. गाडीचे नंबर दिसले तर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार, तिचीही पोच घ्यायची. आपल्यात काही लोक म्हणतात ख्रिस्ती माणसानं तक्रार करू नये, दुसरा गाल पुढं करावा. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायची तुम्हाला परवानगी आहे का, आणि मारणारे मागं सरले. तू या देशाची नागरिक आहेस, तुझ्या आजेसासऱ्यानं इथली जमीन कसली, हे विसरायचं काही कारण नाही.

क्षमेचं विचारलं नाहीस पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे, त्या पोरांतला एक ओळखीचा होता, त्याच्या आईसोबत तू कापूस वेचायला जातेस आणि आता तिच्याकडं पाहवत नाही. तुला घाबरवायला सांगत नाही, पण ग्लॅडिस स्टेन्स बाईंची गोष्ट ऐक. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमोथी सहा वर्षांचा, रात्री गाडीत झोपले असताना त्यांना जाळून मारलं. बाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्या निघून गेल्या नाहीत, लेकीला घेऊन बारीपद्यातच राहून कुष्ठरोग्यांचं काम पुढं काही वर्षं करत राहिल्या, २००५ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. आता यातलं मी काय धरून ठेवलंय ते सांगते. क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. कोर्टानं कोर्टाचं काम केलं, मुख्य आरोपीला शिक्षा झाली. बाईंनी मनातलं विष तेवढं काढलं. आपण या दोन गोष्टींची सरमिसळ करतो अन मग एक तर तक्रार करत नाही किंवा क्षमा करत नाही.

त्या पोराच्या आईशी तू बोल. पोराचा विषय काढूच नको. एकाच वावरात दोघी वेचणीला लागाल तेव्हा तिच्या बाजूची ओळ धर, ओटी भरली की गाठोडं बांधायला हात दे. तिलाही माहीत आहे तिचं पोरगं कुठं गेलं होतं, तिला तुझ्याकडं पाहवत नसेल ते वेगळंच. माझा अंदाज आहे तिलाच आधी रडू येईल, पण नाही आलं तरी वेचणी तर होईल.

आता कोठी उघड. आज, हे वाचून झाल्यावर. पंडिता रमाबाई माहीत आहेत ना, केडगावच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतात येऊन उपाशी पोरी घेऊन गेल्या त्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, साध्या बायांना कळावं म्हणून, म्हातारपणी, आजारपणात, १९२२ मध्ये जाईपर्यंत त्यांचा हात त्याच कामावर होता. एक बाई एवढी झिजली ती आपल्यासारखीच्या हातात हे पुस्तक यावं म्हणून. पाला झटक, पानात गव्हाचे दाणे अडकले असतील ते काढ, आणि पूर्वी जिथं होतं तिथं ठेव, फळीवर असेल तर फळीवर, टीव्हीवर असेल तर टीव्हीवर. संध्याकाळी स्वयंपाक झाला की एक उतारा लेकीला मोठ्यानं वाचायला लाव, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नको, सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या. त्यांचंही वर्ष दबूनच गेलं असेल.

आणि स्टारसाठी जुने सांगाडे माळ्यावर पडले असतील ते काढून पाहा, कमट्या वर्षभरात वाळवीनं खाल्ल्या असतील तर बुरडाकडून नव्या आणा, दहा लांब अन पाच आखूड, सुतळीनं गच्च बांधायच्या. पतंगीचा कागद दोन पदरी लाव, धुईनं ओला होतो. आत पिवळा जुना बल्ब लावू नको, कागद तापून जळतो, नऊ वॅटचा एलईडी पुरे, वायरीला जोड असला तर टेप नीट गुंडाळ, आणि चिकटवायची खळ लेकीला करायला दे, मैद्याची, गाठी होऊ न देता.